सराईत

पुणेकरांच्या बोलण्यात ‘येरवडा’ हा शब्द सहसा पत्ता म्हणून येत नाही. ‘ह्याला आता येरवड्यालाच पाठवायला हवे’ असे कोणी म्हटले, की ऐकणाऱ्याने एवढेच ठरवायचे असते, की बोलणाऱ्याच्या मनात मनोरुग्णालय आहे की कारागृह. त्याच येरवड्यात डेक्कन कॉलेज आहे आणि १९३९ पासून इरावती कर्वे यांनी तेथे समाजशास्त्र व मानववंशशास्त्र शिकविले, हा त्या शब्दाचा तिसरा अर्थ मात्र फारसा कोणाच्या ध्यानी येत नाही. वेडा कोणाला म्हणावे, गुन्हेगार कोणाला म्हणावे आणि असे म्हणणारा समाज कसा घडतो, या तीन प्रश्नांची ठाणी एकाच उपनगरात असावीत हा योगायोगच. पण ज्यांना पुण्यात राहून गुन्हा आणि समाज यांचा अभ्यास करायचा आहे, त्यांनी हा योगायोग वाया घालवू नये.

आम्ही हा अभ्यास केला तेव्हा नवे शतक नुकते सुरू झाले होते. विद्यापीठाच्या नावात सावित्रीबाईंचे नाव यायचे होते. ते २०१४ साली आले. आम्ही म्हणजे समाजशास्त्राच्या एम. ए.चे तिघे आणि विधी महाविद्यालयात शिकणारी एक मैत्रीण. तिची दंड संहिता आणि आमचे समाजशास्त्र यांची गाठ जयकर ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर पडे आणि वाद चहाच्या टपरीपर्यंत चाले. घरच्यांना हा विषय समजावून सांगताना थोडी पंचाईत होई. ‘म्हणजे तू पोलिसांत जाणार का?’ हा पहिला प्रश्न ठरलेला. आमच्यापैकी एकाच्या मावशींनी तर त्याला एका वाक्यात निकालात काढले होते : ‘अरे, चोराचा कसला अभ्यास करायचा? चोर तो चोर!’

त्या वाक्याला आम्ही तेव्हा हसलो खरे; पण पुढची दोन वर्षे आम्ही जे शिकलो ते सारे त्या वाक्याचेच विवरण होते असे आता वाटते. एमिल दुर्खीम याने १८९५ साली असे प्रतिपादन केले, की गुन्हा हा समाजाचा रोग नसून त्याच्या सर्वसाधारण प्रकृतीचाच भाग आहे. ज्या समाजात गुन्हा नाही असा समाज संभवतच नाही. हॉवर्ड बेकर याने १९६३ साली प्रश्नाची दिशाच बदलली. एखादे कृत्य मुळातच विपथगामी असते असे नाही. समाज नियम करतो, तो नियम निवडक माणसांना लावतो आणि त्यांच्यावर शिक्का मारतो, त्यातून विपथगामी माणूस घडतो, असा त्याच्या म्हणण्याचा आशय. कायदा विचारतो, ‘हे याने केले काय?’ समाजशास्त्र विचारते, ‘या कृत्याला गुन्हा कोणी म्हटले, आणि एकदा म्हटल्यावर करणाऱ्याचे पुढे काय झाले?’ आमच्या मैत्रिणीला हा दुसरा प्रश्न सुरुवातीला पळवाटेसारखा वाटे. ज्याची सायकल चोरीस गेली त्याला जाऊन हे सांगा, असे ती म्हणे. आणि तिचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते.

हा दुसरा प्रश्न समजून घ्यायला पुण्यात फार दूर जावे लागत नाही. विद्यापीठाची मुख्य इमारत ही पूर्वीची गव्हर्नरची कोठी. २२ जून १८९७ रोजी व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाचा समारंभ येथे झाला, आणि तो आटोपून परतणाऱ्या रँड व आयर्स्ट यांच्यावर चापेकर बंधूंनी गणेशखिंडीच्या रस्त्यावर गोळ्या झाडल्या. दामोदर, बाळकृष्ण, वासुदेव आणि महादेव रानडे असे चौघे १८९८ आणि १८९९ या दोन वर्षांत येरवड्याला फासावर गेले. आज चिंचवडला चापेकरांच्या नावाचा चौक आहे. सरकारी दप्तरातील खुनी हा लोकांच्या दप्तरात हुतात्मा ठरतो, हे आम्हांला कोणी शिकवावे लागले नाही. शाळेच्या पुस्तकांतून ते अंगी भिनलेले होते. म्हणूनच हे उदाहरण सोपे आहे. येथे शिक्का मारणारा परका होता आणि तो शिक्का पुसणारे आपण. जेथे मारणारे आपण असतो, तेथे हा सिद्धान्त पचविणे अवघड जाते.

ते अवघड उदाहरण आम्हांला एका न्यायालयात भेटले. अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काही दिवस कामकाज पाहायचे होते. न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर त्या सकाळी जी मुले उभी केली गेली, त्यांत एक एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा होता. मोबाइल चोरल्याचा संशय. पोलीस कोठडीच्या अर्जात, पुढे असंख्य वेळा आमच्या वाचनात आलेले ते वाक्य होते : आरोपी हा सराईत गुन्हेगार असून त्याच्याकडून आणखी गुन्हे उघडकीस येण्याची शक्यता आहे. आमच्या मैत्रिणीने मधल्या वेळात तेथल्या कारकुनाला विचारले, की याला आधी किती वेळा शिक्षा झाली आहे? कारकून सज्जन होते. त्यांनी कागद चाळून सांगितले, की शिक्षा एकही नाही; दोन गुन्हे दाखल आहेत, दोन्हींचा निकाल व्हायचा आहे. ‘मग सराईत कसा?’ यावर ते समजुतीच्या स्वरात म्हणाले, ‘अहो ताई, रेकॉर्डवर आहे म्हणजे सराईतच की.’ मुलाला कोठडी मिळाली. पुढे त्याचे काय झाले ते पाहण्याइतके आमचे दिवस उरले नव्हते.

सराईत हा मोठा विलक्षण शब्द आहे. साहित्याच्या मंडळींना तो परका नाही. सराईत वाचक, सराईत अनुवादक, सराईतपणे फिरलेला कुंचला : येथे तो गौरवाचा शब्द आहे. पुष्कळ वेळा केल्याने अंगवळणी पडलेले कौशल्य, एवढाच त्याचा अर्थ. तोच शब्द पोलिसांच्या कागदावर आला की त्यातील ‘पुष्कळ वेळा’ हा भाग सिद्ध करण्याची गरज उरत नाही. वाचकाला सराईत म्हणायचे तर त्याने काय काय वाचले हे आपण विचारतो. आरोपीला सराईत म्हणताना त्याने काय काय केले हे विचारले जातेच असे नाही. दाखल झालेला गुन्हा आणि सिद्ध झालेला गुन्हा यांच्यामध्ये अख्खी न्यायव्यवस्था उभी आहे. ‘रेकॉर्डवरील सराईत’ हे दोन शब्द ती एका उडीत ओलांडतात.

वास्तविक कायद्याच्या मनात याविषयी संदेह नाही. आमच्या मैत्रिणीने आम्हांला १८७२ च्या पुरावा कायद्यातील तत्त्व दाखविले होते : फौजदारी खटल्यात आरोपीचे पूर्वीचे दुर्वर्तन हा त्याच्याविरुद्धचा पुरावा नव्हे. त्याने स्वतः आपल्या सचोटीचा दाखला दिला, किंवा त्याचे चारित्र्य हाच वादाचा मुद्दा असला, तर गोष्ट निराळी. तत्त्व उदात्त आहे आणि शहाणपणाचे आहे. माणूस कसा आहे यावरून त्याने काय केले हे ठरवायचे नाही. परंतु हे तत्त्व खटला उभा राहिल्यावर लागू होते. त्याआधीची कोठडी, जामीन आणि तडीपारी ही सारी दालने या तत्त्वाच्या उंबरठ्याबाहेरची आहेत, आणि तेथे माणूस कसा आहे याच प्रश्नाला पहिले आसन मिळते. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाखाली माणसाला दोन वर्षांपर्यंत जिल्ह्याबाहेर घालविता येते. त्यासाठी दाखवावयाच्या कारणांत साक्षीदार भीतीने पुढे येत नाहीत हेही एक कारण असते. कधी कधी हे खरेच असते. पण सिद्ध न करता येण्याची अडचण हीच जेथे कारवाईचा आधार होते, तेथे शब्दांवर केवढा भार पडतो हे भाषेच्या अभ्यासकाला वेगळे सांगायला नको.

सवयीवरून माणूस ओळखण्याची ही रीत कोठून आली? येथे पुन्हा येरवड्याकडे वळावे लागते. तेथील मध्यवर्ती कारागृह १८७१ सालचे. त्याच वर्षी हिंदुस्थान सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. सुताराचा मुलगा सुतार होतो, विणकराचा विणकर, त्याच न्यायाने या देशात पिढीजात गुन्हेगारांच्याही जाती आहेत, असा युक्तिवाद त्याच्या समर्थनार्थ झाला होता. म्हणजे ‘चोर तो चोर’ हे आमच्या मावशींचे वाक्य सव्वाशे वर्षांपूर्वी कलमांसह संमत झालेले होते. आरंभी उत्तरेकडे लागू असलेला हा कायदा १९११ च्या सुधारणेने मुंबई इलाख्यातही आला. एखादी जमात गुन्हेगार म्हणून जाहीर झाली, की तिच्यात जन्मलेल्याने नाव नोंदवायचे, हजेरी द्यायची, परवान्याशिवाय हद्द ओलांडायची नाही. सरकारला वाटल्यास अख्ख्या वस्त्या कुंपणात नेऊन ठेवता येत. सोलापूरची सेटलमेंट ही अशांतलीच मोठी वसाहत. तेथील माणसे गिरण्यांना मजूर म्हणून पुरविली गेली. सोलापुरात ‘सेटलमेंट’ हे आजही एका वस्तीचे नाव आहे.

हा शिक्का ज्यांच्यावर बसला त्यांचा आधीचा इतिहास पाहिला तर सवयीचा सिद्धान्त किती पोकळ होता ते कळते. पुणे प्रांतातले रामोशी हे गावचे रखवालदार. गावाची राखण हेच त्यांचे वतनी काम. लमाण तांडे बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ वाहून नेत. १८५३ नंतर आगगाडीचे रूळ पसरत गेले आणि तो व्यापार हातचा गेला. नव्या राजवटीने आधी काम काढून घेतले आणि मग बेकार झालेल्याच्या भटकण्याला गुन्हा ठरविले. १८७६ साली इटलीत चेझारे लोंब्रोसो याने जन्मजात गुन्हेगार हा कवटीच्या आणि चेहऱ्याच्या ठेवणीवरून ओळखता येतो असे सांगणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. युरोपात कवटी मोजली गेली, आपल्याकडे जात. मोजणाऱ्याची श्रद्धा एकच होती, की गुन्हा रक्तात असतो. या संदर्भात इरावतीबाईंच्या विद्यार्थिदशेतील एक हकीकत आम्हांला फार मोलाची वाटते. १९२० च्या दशकाच्या अखेरीस त्या बर्लिनला ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली संशोधन करीत होत्या. कवटीची असमानता आणि वंश यांचा संबंध दाखवावा अशी मार्गदर्शकाची अपेक्षा होती. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि तसा संबंध आढळत नाही असा निष्कर्ष मांडला. मोजमाप करणाऱ्याने मोजपट्टीशी इमान राखले, तर शिक्क्याचे काय होते याचे याहून चांगले उदाहरण आम्हांला माहीत नाही.

गुन्हेगार जमातींचा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी देशभर रद्द झाला; तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. महाराष्ट्राच्या यादीत विमुक्त जातींत चौदा जमाती आहेत. परंतु १९५९ साली मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांविषयीचा कायदा केला, इतर राज्यांनीही तसे कायदे केले, आणि जमातीवरचा शिक्का व्यक्तीवर आला. कागदावर हा बदल मोठा होता. नव्या व्याख्येला जन्म पुरेसा नव्हता, वारंवार झालेली शिक्षा हवी होती. व्यवहारात ठाण्यातल्या जुन्या यादीतले आणि नव्या यादीतले चेहरे पुष्कळ वेळा तेच राहिले.

आणि भाषेत? भाषेत तो कायदा रद्द झालाच नाही. ‘भामट्याने वृद्धेला गंडा घातला’ हा मथळा आपण चहाबरोबर वाचतो. भामटा हे एका विमुक्त जमातीचे नाव आहे, हे त्या वेळी कोणाच्या मनात नसते. निर्ढावलेल्या माणसाला आपण ‘बेरड’ म्हणतो. बेरड ही जमात आहे, आणि तिच्यात जन्मलेल्या भीमराव गस्तींनी त्याच नावाचे आत्मकथन मराठीत लिहिले आहे. उचल्या हा तर शब्दच क्रियापदापासून झालेला. माणसाचे कृत्य, त्याची जमात आणि त्याला दिलेली शिवी या तिन्ही गोष्टी एकाच शब्दात कोंबण्याची अशी सोय क्वचितच कोठे असेल. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली आणि दंड संहितेचे ४२० वे कलम गेले, तरी फसव्या माणसाला आपण अजून ‘चारसोबीस’ म्हणतो आणि आणखी पन्नास वर्षे म्हणू. त्यात फारसे बिघडत नाही. कारण ४२० ह्या आकड्याची कोणी लेकरे नाहीत. भामटा आणि बेरड या शब्दांची आहेत, आणि ती शाळेत जातात.

शिक्का कोणावर बसतो हे पाहायचे, तर तो कोणावर बसत नाही हेही पाहावे. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात पुण्यात दहा खून झाले. जोशी-अभ्यंकर खून खटला या नावाने तो प्रसंग आजही अंगावर काटा आणतो. आरोपी होते कलाशिक्षण घेणारे शहरातले तरुण. चौघांना २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्याला फाशी झाली. त्या काळात पुण्यात संध्याकाळनंतर दारे बंद होत असे आमच्या आधीच्या पिढीतले लोक सांगत. त्या मुलांविषयी आम्ही पुष्कळ कारणे ऐकली : वाईट संगत, दारू, पैशाची हाव, विकृती. एक कारण मात्र कोणाच्या तोंडून ऐकले नाही, की ही त्यांच्या जातीची सवयच आहे. त्यांच्या गल्लीतल्या मुलांना कोणी हजेरी लावायला सांगितले नाही. हे योग्यच झाले. व्यक्तीचा गुन्हा व्यक्तीपाशी ठेवण्याचे शहाणपण आपल्यापाशी असते, हे यावरून दिसते. प्रश्न एवढाच उरतो, की ते आपण कोणासाठी वापरतो.

आमच्या मैत्रिणीने तिचा जुना आक्षेप ज्या दिवशी मागे ठेवला, तो दिवस एका पत्राच्या वाचनाचा होता. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात (तेव्हाचा चंद्रपूर जिल्हा, आताचा गडचिरोली) एका अल्पवयीन आदिवासी मुलीवर बलात्कार झाल्याची फिर्याद होती. आरोपी दोन पोलीस. तो खटला तिच्या नावाने ओळखला जातो. १९८३ पासून अशी नावे प्रसिद्ध करण्यास कायद्याने मनाई आहे, म्हणून आम्ही येथे ते घेत नाही. सत्र न्यायालयाने आरोपींना सोडले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोषी धरले आणि १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडले. अंगावर जखमांच्या खुणा नाहीत, तिने आरडाओरडा केला नाही, यांवरून संमतीचा निष्कर्ष निघाला. आणि या साऱ्या प्रवासात तिच्याविषयी एक गोष्ट पुन्हा पुन्हा नोंदली गेली होती, की तिला शरीरसंबंधाची सवय होती.

पुन्हा तोच शब्द. मुलगा सवयीचा चोर, म्हणून ही चोरी त्याचीच. मुलगी सवयीची, म्हणून हा संबंध तिच्या मर्जीचाच. एकीकडे सवय आरोपीविरुद्ध उभी राहते, दुसरीकडे फिर्यादीविरुद्ध. दोन्हीकडे ती ज्याच्याविरुद्ध उभी राहते त्याच्यापाशी वकील, पैसा आणि प्रतिष्ठा यांतले काही नसते. सप्टेंबर १९७९ मध्ये चार विधिअभ्यासकांनी सरन्यायाधीशांना अनावृत पत्र लिहिले : दिल्लीचे उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लतिका सरकार आणि पुण्याच्या वसुधा धागमवार. पत्राचा गाभा सांगायचा तर तो भाषेचा आहे. मुकाट्याने सोसणे आणि संमती देणे यांत फरक आहे. संमतीत सोसणे असू शकेल, पण सोसण्यावरून संमती सिद्ध होत नाही. ठाण्याचे दार बंद आहे, समोर गणवेश आहे, मुलगी गरीब आदिवासी आहे, हा सारा समाज त्या खोलीत हजर होता; निकालपत्राने त्याला गैरहजर धरले. समाजशास्त्र पळवाट नव्हे, तो वगळलेला पुरावा आहे, असे आमची मैत्रीण त्या दिवशी म्हणाली. १९८३ साली कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्काराच्या खटल्यात संबंध सिद्ध असेल आणि स्त्री ‘संमती नव्हती’ असे सांगत असेल, तर न्यायालयाने ती नव्हतीच असे धरून चालायचे. पुढे २००२ च्या दुरुस्तीने, अशा खटल्यात फिर्यादी स्त्रीच्या चारित्र्यावर बोट ठेवण्यास वाव देणारे कलमही पुरावा कायद्यातून गेले. एका शब्दावरून लिहिलेल्या पत्राने केवढे काम केले!

हे पत्र वाचल्यावर आम्ही साहित्याकडे निराळ्या नजरेने पाहू लागलो. लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ १९८७ साली प्रसिद्ध झाले आणि १९८८ साली त्यास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्याआधी १९८० साली लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ आले होते. मराठीच्या वर्गात ही पुस्तके दलित-ग्रामीण आत्मकथनांच्या प्रकरणात येत. बोलीचे वेगळेपण, अनुभवाची दाहकता, आकृतिबंधाचा सैलपणा हे ठरलेले मुद्दे. गुन्हेगारीच्या समाजशास्त्राच्या वर्गात ती तेव्हा येतच नसत. तेथे शिकागोच्या गल्ल्या होत्या. आम्ही ‘उचल्या’ बेकरच्या ग्रंथाशेजारी ठेवून वाचले. चोरीचे शिक्षण, पोलिसांचे छापे, मारहाण, शाळेत गेलेल्या मुलाकडे स्वकीयांनी आणि परक्यांनी पाहण्याच्या दोन तऱ्हा हे सारे वाचताना, अमेरिकन पंडिताने बाहेरून पाहून ज्याला शिक्का म्हटले त्याची आतली बाजू दिसते. गायकवाड चोरी नाकारीत नाहीत, हे त्या पुस्तकाचे मोठे बळ आहे. चोरी होती, आणि तिच्याभोवती भूक होती, बंद केलेली दारे होती, ठाण्याशी बांधलेली दैना होती. शिक्का खोटा ठरविण्यासाठी माणसाला निष्पाप ठरवावे लागत नाही.

पुढे २००६ साली शर्मिला रेगे यांचा दलित स्त्रियांच्या आत्मकथनांवरील ग्रंथ आला. ही आत्मकथने केवळ साहित्य म्हणून बाजूला काढू नयेत, ती समाजशास्त्राच्या अभ्यासक्रमात साक्ष म्हणून वाचली जावीत, असा त्यांचा आग्रह होता. रेगे पुणे विद्यापीठातच शिकवीत. २०१३ साली त्यांचे निधन झाले. त्यांची ही भूमिका आम्हांला पटते. पण साहित्याच्या बाजूने येणारा आक्षेपही ऐकून घेण्याजोगा आहे. साक्ष म्हणून वाचले की पुस्तक पुराव्याचा कागद होते, लेखकाच्या शैलीकडे आणि निवडीकडे दुर्लक्ष होते, आणि विमुक्त लेखकाने जन्मभर फक्त साक्षच देत राहावी अशी अपेक्षा तयार होते. हीसुद्धा एक हजेरीच म्हणायची! यावर आमचे उत्तर एवढेच, की साक्ष नीट वाचायची तर तिची शैलीच वाचावी लागते. न्यायालयात साक्षीदार थबकला कोठे, कोणता शब्द त्याने टाळला, कोणता दोनदा उच्चारला, हे ज्याला ऐकू येत नाही त्याला साक्ष कळत नाही. देसाईगंजच्या निकालात नेमके हेच झाले होते. मौनाचा अर्थ लावताना वाचक चुकला होता.

या अभ्यासाला आता दोन दशके होऊन गेली. मधल्या काळात रेणके आयोगाचा अहवाल २००८ साली आणि इदाते आयोगाचा २०१८ च्या सुमारास आला. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी, पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या नियमपुस्तिकांतील जातिभेदाच्या तरतुदी घटनाबाह्य ठरविल्या. काही राज्यांच्या पुस्तिकांत सफाईचे काम कोणत्या जातीच्या कैद्याने करायचे हे लिहिलेले होते. भटक्या जमातींचा माणूस सवयीने पळून जाणारा किंवा चोरी करणारा समजावा अशा अर्थाचे नियमही होते. तुरुंगाच्या नोंदवह्यांतील जातीचा रकाना काढून टाकावा, आणि ‘सराईत’ची व्याख्या राज्याच्या कायद्यात असेल तेवढीच धरावी, असे न्यायालयाने सांगितले. गुन्हेगार जमातींचा कायदा रद्द होऊन तेव्हा बहात्तर वर्षे झाली होती. कायदा जातो आणि त्याची वाक्ये इतकी वर्षे तग धरून राहतात, हे त्या निकालाने सरकारी कागदावरच सिद्ध केले.

या वाक्यांचे वजन कोण वाहतो तेही पाहावे. २०२२ च्या अखेरीस देशातील तुरुंगांत ५ लाख ७३ हजारांहून अधिक माणसे होती आणि त्यांतील सुमारे ७६ टक्के कच्चे कैदी होते. म्हणजे ज्यांचा गुन्हा अद्याप सिद्ध झालेला नाही असे. दर चौघांत तिघे निकालाची नव्हे, कागदावरच्या एखाद्या विशेषणाची शिक्षा भोगत असण्याची शक्यता आहे. जामिनाच्या अर्जावर ‘सराईत’ हा शब्द पडतो की नाही, यावर कोणाची दिवाळी कोठे जाणार हे ठरते.

समाजशास्त्र शिकून गुन्हे थांबतात असा आमचा दावा नाही, आणि ज्याची सायकल गेली त्याचे दुःखही खोटे नाही. या विद्येने आम्हांला दिले ते थोडे आहे, पण ते साहित्याच्या विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना उसने घेता येण्याजोगे आहे. विशेषण कोठून आले, कोणी लावले आणि त्याच्यामागे क्रियापद आहे की नाही, हे तपासण्याचे शिक्षण तुमच्याइतके कोणालाच मिळालेले नसते. कवितेतल्या एका विशेषणावर आपण तासभर बोलतो. तेवढीच चिकाटी कोठडीच्या अर्जातल्या विशेषणासाठी हवी. वर्तमानपत्राच्या बातमीत, अर्जात वा निकालपत्रात ‘सराईत’ हा शब्द दिसला, की वाचकाने इतकेच विचारावे : किती वेळा, आणि कोणत्या न्यायालयात सिद्ध झाले? उत्तर आले तर शब्द राहू द्यावा. नाही आले, तर तो खोडून वाक्य पुन्हा वाचावे. पुष्कळदा मागे फक्त एक मुलगा उरतो, आणि त्याच्यावरचा आरोप, जो अजून सिद्ध व्हायचा आहे.